बाबा, रिलीव्हर आलाय

बाबा, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. तुम्ही गेलात तेव्हा मला हायसं वाटलं. रडले नाही असं नाही, पण आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं. इथल्या सिंगापूरच्या मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन भेटायला येतात, माझा हात हातात घेऊन "धीर धर गं मेघना" म्हणतात. आता यांना कसं सांगू की बाई, मला कित्येक वर्षांनी नीट झोप लागतेय? असं काही बोलले तर त्या डबा उचलून परत जातील, आणि भरल्या वांग्याचा डबा मला परत द्यायचा नाहीये.

तुम्हाला मात्र कळलं असतं. सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. आम्ही लहान असताना आपल्या घरात "बाबा कधी येणार" असं कोणी विचारायचंच नाही. विचारायचं, "बाबांचा रिलीव्हर आला का?" तुमच्या जागी काम करणारा दुसरा इंजिनीअर बोटीवर चढायचा, तुम्ही त्याला हिंडून सगळी यंत्रं दाखवायचात, याला हँडिंग ओव्हर म्हणायचं, आणि ते झालं की मगच तुम्ही सुटायचात. तो आला नाही तर घरी लग्न असो नाहीतर सण, तुम्ही तिथेच. मग कुठल्या तरी बंदरातून तुमचा फोन यायचा, "रिलीव्हर आलाय," आणि आई गॅस बंद करून स्वयंपाकघरात नुसती बसून राहायची. तिचा जीव भांड्यात पडायचा तो त्या फोनने. तुम्ही स्वतः घरी पोचायचात त्या दिवशी तर तिची चिडचिडच जास्त असायची.

शेवटची कितीतरी वर्षं आपल्या घरात पुन्हा तोच प्रश्न होता. तुमचा रिलीव्हर कोण?

नव्या माणसाला विजूची ओळख करून देताना मी सांगते, हा माझा धाकटा भाऊ, वय चाळिशीच्या पुढे, समज सात-आठ वर्षांच्या मुलाची. हे शेवटचं तुम्हाला कधी सहन झालं नाही. "कुठल्या सात वर्षांच्या पोराला आपल्या बुकित पंजांगमधल्या सगळ्या बसचे नंबर पाठ असतात?" असं तुम्ही पाहुण्यांसमोर मला विचारायचात. आई होती तोवर विजू आईचा होता. आई एका दुपारी अचानक गेली. तुम्ही मिळेल त्या विमानाने आलात, बॅग दारात ठेवलीत आणि म्हणालात, "मेघा, आता समुद्र बास." चीफ इंजिनीअर झालेला माणूस, हाताखाली इतकी माणसं, आणि चार दिवसांत तुम्ही टूथब्रश घेऊन विजूच्या मागे पळत होतात. तो स्टीलच्या ताटाशिवाय जेवत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं. त्याची नखं तो झोपलेला असतानाच कापावी लागतात हे माहीत नव्हतं. "हँडिंग ओव्हर न घेता इंजिन ताब्यात घेतलेला मी पहिलाच चीफ," असं म्हणून तुम्ही हसायचात. मला काही हसू यायचं नाही. माझं नवीन लग्न, रॅफल्स प्लेसच्या बँकेत ऑडिटची नोकरी, घर लांब वुडलँड्सला. मला वाटायचं, या माणसाने स्वतःची पोरं फक्त सुट्टीत पाहिली, हा काय सांभाळणार याला.

आणि मग तुम्ही त्याला एलआरटीत बसवायला लागलात. बुकित पंजांगची ती छोटी गाडी, ड्रायव्हर नसलेली, बिल्डिंगांच्या मधून गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. रोज संध्याकाळी तुम्ही दोघं तिच्यात. कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही. एक फेरी मारायची, उतरून कॉफी शॉपमध्ये एक कोपी, म्हणजे इथली ती दाट गोड कॉफी, दोघांत प्यायची आणि घरी यायचं. गाडी लोकांच्या खिडक्यांजवळून जाते तिथे तिच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, कोणी कोणाच्या घरात डोकावू नये म्हणून. सुरुवातीला विजू त्याला इतका घाबरायचा की शिट्टी वाजवत सुटायचा आणि अख्खा डबा आपल्याकडे बघायचा. तुम्ही काय केलंत कोण जाणे, हळूहळू ते बंद झालं.

त्या फेरीत तुम्ही त्याला गोष्ट सांगायचात. राजाची नाही, राक्षसाची नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत पगारावर बेसबॉल खेळणाऱ्या एका माणसाची. बरं, तोही कोणी नामांकित नाही. एमिल. आडनाव तुम्हाला उच्चारता यायचं नाही, म्हणून नुसता एमिल. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात टेकले. म्हटलं, बाबा, आपण क्रिकेटवाली माणसं, याला खेळाचं वेडच लावायचं तर आपल्यातला कोणी घ्या की. तुम्ही म्हणालात, "एमिलकडून खेळ शिकलेला माणूस मला भेटलाय. आपल्यातल्या कुणाचं तसं सांगता येत नाही."

तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या एका बंदरातला म्हातारा. तुम्ही तेव्हा नवे फोर्थ इंजिनीअर, जहाज दुरुस्तीसाठी अडकलेलं, आणि खलाशांच्या क्लबात हा म्हातारा सगळ्यांना कॉफी द्यायचा. तरुणपणी तो स्वतः लहानसहान टीममधून खेळलेला. त्याने तुम्हाला एमिल सांगितला, रोज थोडा थोडा. तुम्ही विजूला तसाच सांगत होतात, एका फेरीत एक सीझन.

एमिलचा बाप कोळशाच्या खाणीत. पोरगाही खाणीतच गेला, पण रविवारी खाणीच्या टीमकडून खेळायचा, तिथून एका लहान गावच्या टीमने त्याला उचललं. बेसबॉलचं मैदान म्हणजे एक चौकोन, कोपऱ्यांवर बेस, आणि त्या चौकोनाशी उभं राहून जमिनीवरून सणसणत येणारे चेंडू अडवायचे हे इनफिल्डरचं काम. अशा चार जागा, चारही जागांवर ठरलेली माणसं. एमिल मोठ्या लीगमध्ये पोचला तो पाचवा म्हणून. त्याला स्वतःची जागाच नव्हती. दुसऱ्या बेसवाल्याचा पाय मुरगळला, की एमिल दुसऱ्यावर. तिसऱ्या बेसवाला दारू पिऊन पडला, की एमिल तिसऱ्यावर. मूळचा माणूस बरा झाला, की एमिल परत बाकावर. त्या काळी ग्लव्ह म्हणजे जेमतेम हाताएवढं चामडं, त्यामुळे त्याची बोटं सारखी मोडायची, आणि तो काडी बांधून तसाच खेळायचा. इथे विजू आपली करंगळी वाकडी करून दाखवायचा. ती जागा गाळून चालायचं नाही. क्लब त्याला न विचारता दुसऱ्या क्लबला देऊन टाकायचा आणि तो ट्रंक उचलून निघायचा. "म्हणजे बोटीवरच्यासारखंच," तुम्ही म्हणायचात, "कंपनी सांगेल ती शिप."

मग त्याचा तो एक उन्हाळा. दुसऱ्या बेसवाल्याच्या पोटरीत कुणाच्या तरी बुटाचे खिळे घुसले आणि अख्खा सीझन ती जागा एमिलची झाली. टीम जिंकत जिंकत पार शेवटच्या मॅचपर्यंत आली. आणि अगदी शेवटी एक चेंडू दुसऱ्या बेसच्या मागून मोकळ्या मैदानाकडे निघाला. असल्या चेंडूच्या मागे कोणी जात नाही. एमिल गेला. आडवा पडून त्याने तो पकडला, पडल्यापडल्याच फेकला, आणि फेक पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून गेली. समोरच्यांची रन झाली आणि मॅच गेली.

बेसबॉलमध्ये एक दुष्टपणा आहे. आपल्याकडे झेल सुटला तर लोक शिव्या घालतात आणि विसरतात. तिथे ती चूक गड्याच्या नावावर लिहितात, रनांसारखी, कायमची. एमिलच्या नावावर ती लिहिली गेली. पुढच्या वर्षी मोठ्या लीगने त्याला सोडून दिलं आणि तो खालच्या, मग आणखी खालच्या टीममधून खेळत राहिला, गावं लहान लहान होत गेली. शेवटी एका वीटभट्टीमागच्या मैदानावर त्याच्या जागी एक नवा गडी आला. एमिलने त्याला मैदानभर फिरवलं. इथे खडा आहे, चेंडू उसळतो. संध्याकाळी त्या पत्र्यावरून ऊन डोळ्यात येतं. पहिल्या बेसवाला उंच फेक घेत नाही. मग तो बाकावर बसला, पूर्ण मॅच पाहिली आणि गाडी पकडून घरी गेला. तो नवा गडी म्हणजे तुमचा कॉफीवाला म्हातारा.

आपलं भांडण झालं ते त्या फेकीवरून. मी म्हणायचे, एवढा भाग गाळा ना, विजूला कशाला रडवता. एकदा असंच म्हटलं तेव्हा तुम्ही वरणाला फोडणी देत होतात.

"मेघा, तो त्या चेंडूकडे गेलाच नसता तर?"

"तर काय?"

"तर चेंडू मागे मैदानात गेला असता. रन झालीच असती, मॅच गेलीच असती. पण एमिलच्या नावावर चूक लागली नसती. जो पोचतच नाही त्याची चूक लिहीत नाहीत."

"ऑडिटमध्ये असं 'पोचला म्हणून' काही नसतं बाबा. चूक ती चूक."

"म्हणून तुला कोणी मॅच बघायला नेत नाही," तुम्ही म्हणालात आणि फोडणी वरणावर ओतलीत.

हे भांडण गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग वुडलँड्सचा तो दिवस आला. तुम्ही विजूला घेऊन माझ्याकडे जेवायला येत होतात. वरती स्टेशनवर त्याला एका खांबाशी उभं केलंत, "टॉयलेटला जाऊन येतो, जागा सोडायची नाही" म्हणालात, आणि परत येताना खाली बस इंटरचेंजमध्ये उतरलात. तुमच्या डोक्यात पक्कं बसलं की त्याला इथेच, बसच्या रांगेजवळ सोडलंय. तिथे तो नाही. तुम्ही बस शोधल्यात, दुकानं शोधलीत, पोलिसांना सांगितलंत, तो पलीकडे मलेशियात जाणाऱ्या जोहोरच्या बसमध्ये चढला असेल म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी समुद्रावरच्या कॉजवेच्या दिशेने धावत सुटलात. आणि विजू वरती, त्याच खांबाशी. दुसरा कोणी असता तर हलला असता, कुणाला तरी विचारलं असतं. पण हा तुमच्या हाताखाली तयार झालेला गडी. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मला तो सापडला तेव्हा त्याची पँट ओली होती, आणि मी "चल" म्हटलं तरी तो हलेना. "बाबा म्हणाले, जागा सोडायची नाही." शेवटी तुम्हालाच तिथे आणावं लागलं.

तिथे सगळ्यांदेखत मी तुम्हाला जे बोलले त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही, आणि तुम्हालाही ते चाललं नसतं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुझ्या काकांकडून, मामांकडून, आत्याकडून विजू कधी हरवला नाही. कारण त्यांनी त्याला दारापलीकडे नेलंच नाही. मी नेतो, म्हणून माझ्याकडून हरवला."

"चूक ती चूक," मी म्हटलं.

"हो. लिही माझ्या नावावर."

त्यानंतर मी विजूला होममध्ये, अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत, ठेवायचा विषय काढला. जागा चांगली होती, स्वच्छ होती, तिथली माणसं प्रेमळ होती. तुमचे गुडघे गेले होते, विजू तुमच्याहून जड झाला होता, मी म्हटलं बघून तरी या. तुम्ही आलात, सगळं फिरून पाहिलंत, अगदी पाण्याच्या पाइपांना हात लावून पाहिलंत, आणि तिथल्या बाईंना एकच विचारलंत, "संध्याकाळी याला बाहेर कोण नेणार?" त्या म्हणाल्या, बाग आहे की. पुढे दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोललात. सिंगापूरमध्ये हवापाण्याचं बोलायचं तरी काय बाबा? रोज तेच ऊन आणि रोज तोच पाऊस.

होम नको तर मी घेते म्हटलं त्याला. तेही नको. "एक दिवस जागा भरून काढणं वेगळं आणि सीझनभर खेळणं वेगळं. तुझा संसार आहे." माझं डोकं फिरायचं. एकदा मी सरळ विचारलं, रिलीव्हर समोर उभा आहे आणि चीफ जहाज सोडायला तयार नाही, असं कधी पाहिलंय तुम्ही? तुम्ही म्हणालात, "पाहिलंय. तसले चीफ इंजिनरूममध्येच मरतात." आणि पेपर उघडून बसलात. मला खरी भीती तीच होती. तुम्ही एका सकाळी उठणार नाही, विजू तुमच्या पलंगाशी उभा असेल, आणि मला तो कसा जेवतो, कशाने घाबरतो, काही म्हणजे काही माहीत नसेल. आईच्या वेळी तुमचं झालं तसंच. त्या भीतीपायी माझी झोप गेली होती.

मग तुमच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सुरू केली. मी तुम्हाला विचारलंच नाही. वुडलँड्सचा भाड्याचा फ्लॅट सोडला. मिलिंद लगेच खोकी भरायला लागला. जावई चांगला निवडलाय मी, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत, ते सोडा. गार्गी म्हणाली, "मामा स्नोअर्स लाह, आय वॉन्ट माय ओन रूम," तेवढीच काय ती तुमच्या नातीची अट. आम्ही सामान घेऊन दारात उभे राहिलो तेव्हा तुम्ही बराच वेळ खोक्यांकडे बघत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारलीत, "चला सेकंड इंजिनीअर, हँडिंग ओव्हर."

मी वही-पेन घेऊन आले. ते ठेवून द्यायला लावलंत. "लिहून घेतलेलं इंजिनला कळत नाही. बघ आणि हात लाव." काठी टेकत तुम्ही मला आपल्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये फिरवलंत. "जे नीट चालतं ते नव्या माणसाला आपोआप कळतं. बिघडलेलं आधी दाखवायचं. ते जो लपवतो तो चोर." शॉवर आधी पायावर, मग अंगावर. गोळी गुळाच्या खड्याबरोबर, केळ्यात घातली तर थुंकतो. शिट्टी वाजवतो ती खुशीने नाही, घाबरून. रडायला लागला तर जवळ घ्यायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. हे मला ठाऊक नव्हतं, मी तर इतकी वर्षं त्याला धरून घट्ट मिठीच मारत आले होते. आणि शेवटी स्वतःच्या छातीवर काठी टेकवून म्हणालात, "आणि हे जुनं इंजिन. खोदून खोदून विचारल्याशिवाय दुखतंय म्हणून सांगत नाही." मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणालात. परत विचारलं. मग हो म्हणालात.

बाबा, इतकं सलग तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. जहाजावरचे बाबा मला माहीत होते, सुट्टीतले बाबा माहीत होते, विजूचे बाबा माहीत होते. ते काही महिने तुम्ही माझे होतात. सकाळी चहा घेताना तुम्ही मला आईबद्दल सांगितलंत, दुपारी इंजिनांबद्दल, आणि मी ऑफिसातून लवकर निघून यायला लागले. त्यासाठी त्या गाठीचेसुद्धा आभार मानायची माझी तयारी आहे.

एकच गोष्ट राहिली. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी माझ्या लक्षात आलं आणि मला घामच फुटला.

"बाबा, एमिलची गोष्ट मला येत नाही. मी उडत उडत ऐकलीये. एलआरटीत मी काय सांगू त्याला?"

तुम्ही मास्क बाजूला केलात. "ती विजूकडे आहे."

"अहो, विजूकडे कशी असेल? विजूला तर सांगायची आहे."

"विजूकडे आहे," तुम्ही परत म्हणालात. मला वाटलं औषधाची गुंगी असेल. मग तुमचा चेहरा सैल पडला आणि तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात, "झालं. रिलीव्हर आलाय." तो चेहरा मी ओळखला. फोन ठेवून, गॅस बंद करून बसलेल्या आईचा होता तो. त्यानंतर तुम्ही फारसं बोलला नाहीत, आणि गेलात तेही त्याच चेहऱ्याने. म्हणून मला आधी हायसं वाटलं, ही आहे त्यातली गोम.

विजूला सांगायचं काम माझं होतं. सोशल वर्कर म्हणाली होती, सरळ शब्दांत सांगा, 'झोपले', 'देवाकडे गेले' असं काही नको. तो जेवत होता. मी शेजारी बसले. जवळ घेतलं नाही.

"विजू, बाबा वारले. आता ते परत येणार नाहीत."

त्याने ताटातली शितं एका बाजूला गोळा केली. मग म्हणाला, "रिलीव्हर कोण?"

"मी."

"बाबांनी सगळं दाखवलं?"

"दाखवलं."

"बिघडलेलं पण?"

"ते तर आधी दाखवलं."

त्याने मान हलवली आणि वरण मागितलं. मी ते वाढलं, स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला आणि नुसती बसून राहिले.

पण तो बाहेर पडेना. सकाळी तो दिवसभर जातो त्या डे सेंटरची बस घ्यायला येते तेवढंच. संध्याकाळी तुमची वेळ झाली की चपला घालून दारात उभा राहायचा, आणि मी "चल" म्हटलं की चपला काढून आत जायचा. मी शेजारी बसून पाहिलं, गूळ देऊन पाहिलं. तुमचा तेरावा झाला तरी तेच. मला वाटायला लागलं, इतकी वर्षं तुम्ही ज्याच्यासाठी भांडलात तेच माझ्या हातून जाणार, विजू दाराच्या आत राहणार, आणि ही चूक कोणी माझ्या नावावर लिहिणारसुद्धा नाही. तेव्हा मला तुमचं ते म्हणणं पहिल्यांदा नीट कळलं.

काल त्याने चपला काढल्या नाहीत. मी "चल" म्हटलंच नव्हतं, मी नुसती माझ्या चपला घालून त्याच्या बाजूला उभी राहिले होते. तोच निघाला. एलआरटीत तुमची ठरलेली जागा होती, मला त्याने तुमच्या सीटवर बसवलं. समोर एक चिनी आंटी होती, भाजीच्या पिशव्या घेऊन. तुमची रोजची ओळख असावी.

"अंकल नॉट कमिंग, आह?" तिने विचारलं.

"फादर डाइड," विजू म्हणाला. "दिस माय सिस्टर. शी न्यू, लाह."

आंटी माझ्याकडे बघून हळहळली आणि तिने पिशवीतलं एक संत्रं विजूला दिलं. मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. म्हटलं, एमिलचा बाप लोखंडाच्या कारखान्यात होता.

"कोळसा," विजू म्हणाला.

बरं, कोळशाच्या खाणीत. मग मी ग्लव्हपर्यंत आले आणि करंगळी गाळून पुढे गेले. विजूने माझ्या मांडीवर हात ठेवला. "ताई, थांब. तुला येत नाही. मी सांगतो."

आणि त्याने सांगितली, बाबा. "हं, तर," अशी तुमच्यासारखीच सुरुवात करून, तुमच्याच शब्दांत, तुम्ही थांबायचात तिथे थांबून. त्या उन्हाळ्याचाच सीझन सांगितला. इतका सलग बोलताना मी माझ्या भावाला जन्मात ऐकलं नव्हतं. पोटरीत खिळे घुसले, एमिल दुसऱ्या बेसवर आला, चेंडू मागे निघाला, एमिल धावला, पडला, फेकला. आंटीसुद्धा काही न कळता ऐकत होती. मी वाट बघत होते, आता तुमचं ते वाक्य येणार.

"जो पोचतच नाही त्याची चूक लिहीत नाहीत," विजू म्हणाला. मग बोट माझ्याकडे केलं. "ताई म्हणते, चूक ती चूक. बाबा म्हणतात, ताईचं पण बरोबर आहे."

"असं म्हणायचे बाबा?"

"रोज."

रोज म्हणायचात, आणि मला एकदाही नाही. मी तोंड फिरवून बाहेर बघायला लागले, कारण डबाभर लोकांसमोर मला रडायचं नव्हतं, आणि नेमक्या त्याच वेळी गाडी बिल्डिंगांजवळ आली आणि माझ्यासमोरची काच पांढरीफटक झाली. मला काहीच दिसेना. काचांचं काय करायचं ते तुम्ही मला दाखवलंच नव्हतंत. विजूने मला जवळ घेतलं नाही. नुसता सरकून शेजारी बसला, संत्रं माझ्या हातात दिलं आणि तुमच्या आवाजात म्हणाला, "घाबरायचं नाही. बिल्डिंग गेली की परत दिसतं."